तिसऱ्या टप्प्यातलं गटार

बाईंचं घर आमच्या गल्लीतलं सगळ्यात जुनं. मी तिथे राहायला आलो तेव्हा त्या घरात शिरायला पायऱ्या चढाव्या लागायच्या. पुढे रस्त्यावर रस्ता येत गेला. निवडणूक जवळ आली की डांबराची गाडी यायची, जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकून जायची, आणि बाईंच्या घराची एखादी पायरी रस्त्याखाली जायची. शेवटी उंबरठा आणि रस्ता एका पातळीला आले. मग बाईंनी दारात विटांचा बांध घालून घेतला. सत्तरीची बाई भाजी आणायला स्वतःच्या दारातला बांध ओलांडून बाहेर पडायची, आणि घरपट्टीची नोटीस मात्र तिला वेळेवर यायची.

आमचं गाव तमिळ मुलखात, तांबरम या उपनगराच्या पुढे. पूर्वी तिथे तळं, ताडाची झाडं आणि विटांच्या भट्ट्या होत्या. सिरुसेरीकडे सॉफ्टवेअर कंपन्या आल्या, मग आमच्या बाजूच्या जमिनींनाही भाव आला. तळ्याच्या पोटात प्लॉट पडले. नगरपंचायतीची नगरपालिका झाली, नवा फलक लागला, पण पावसाचं पाणी पूर्वीच्याच वाटेने उतरत राहिलं आणि त्या वाटेवर आता आमची घरं होती. तळ्याचा सांडवा जिथे सुटतो तो ओढा आमच्या गल्लीच्या तोंडापासून फार लांब नव्हता. गल्लीतून ओढ्यापर्यंत एक सरळ गटार काढलं असतं तर काम भागलं असतं. हे बाईंनाही माहीत होतं आणि मलाही.

मी कांद्याचा व्यापारी. साताऱ्याकडून आलो तेव्हा बाजारात पोती वाहिली, दुसऱ्याच्या गाळ्यावर झोपलो, आणि पुढे कोयंबेडूच्या घाऊक बाजारात माझा स्वतःचा गाळा झाला. मला कुणी काही आयतं दिलं नाही. जे मिळालं ते भांडून मिळालं. गल्लीच्या रहिवासी संघाचा सेक्रेटरी मला केलं ते माझ्या तोंडामुळेच. आमच्या भागातले तमिळ लोक उत्तरेकडून आलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला सेट्टू म्हणतात, तसे मलाही म्हणत. मी मारवाडी नाही हे सांगून सांगून थकलो आणि मग ओ द्यायला लागलो.

बाई तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, निवृत्त शिक्षिका. त्यांची मराठी आमच्या मराठीपेक्षा निराळी, पोथीतल्यासारखी, मध्येच तमिळ हेल. मला तम्बी म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांचे यजमान रेल्वेत कारकून होते. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. त्यांची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी लावलेली असे, कारण रस्त्यावरची ये-जा पाहिली की ते शांत असत. मागच्या खोलीत हलवलं की रडत. मुलगा सॉफ्टवेअर कंपनीत होता, सिरुसेरीजवळ फ्लॅटमध्ये राहायचा, या म्हणायचा. बाई म्हणायच्या, त्यांना हीच खिडकी पाहिजे. घर सोडायचं नाही, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते कधी मोठ्याने म्हणाल्या नाहीत, पण त्यांचं घर टिकणं त्या गटारावर अवलंबून होतं.

नगरपालिकेने त्या वर्षी पुढच्या काही वर्षांचा आराखडा करायला घेतला. वरून निधी यायचा होता, त्यासाठी कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर हे लोकांना विचारून ठरवायचं होतं. प्रत्येक रहिवासी संघाने आपली मागणी घेऊन यायचं. मी बाईंकडे सल्ल्याला गेलो, कारण अर्ज इंग्रजीत लिहायचा होता.

"तम्बी, आपणांस काय पाहिजे तेवढेंच माग," बाई म्हणाल्या. "गल्लीपासून ओढ्यापर्यंत एक गटार. अधिक नको."

"बाई, तेवढंच मागितलं तर अर्धं गटार मिळेल. दुप्पट मागू, तिप्पट मागू. ते कापतील. कापून कापून आपलं गटार उरेल."

"हें मार्केट आहे कां?"

"सगळीकडे मार्केटच असतं."

त्या यजमानांच्या तोंडावरची लाळ पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "शाळेंत पोर पेन्सिल पाहिजे म्हणालें तर मी काढून देत असें. पेन्सिल, पेटी, अस्के, सगळेंच पाहिजे म्हणालें, तर हेडमास्तरांकडे जा म्हणत असें."

"म्हणून ती पोरं अजून पेन्सिलच धरून बसली असतील," मी म्हणालो. त्या हसल्या आणि मी सांगितलं तसा अर्ज लिहून दिला. सगळ्या गल्ल्यांना दोन्ही बाजूंनी झाकलेली गटारं, तळ्याचा बांध उंच करणं, पाणी उपसायला पंपघर. कोयंबेडूत पहिला भाव सांगतो तेव्हा मला माहीत असतं की तो खोटा आहे, गिऱ्हाइकालाही माहीत असतं. त्या खोट्या भावापासून दोघं मिळून खाली उतरतात. माझं सगळं आयुष्य त्या उतरणीवर गेलं आहे.

सभा एका कल्याणमंडपात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची केळीची झाडं दाराला तशीच बांधलेली होती. सल्लागार कंपनीची तरुण मुलं-मुली आली होती. त्यांनी भिंतीवर मोठे कागद लावले होते, त्यावर कामांची नावं. आम्हाला रंगीत टिकल्या दिल्या आणि सांगितलं की जे काम महत्त्वाचं वाटतं त्यासमोर टिकली लावा. मोठी माणसं, निवृत्त बँक मॅनेजर वगैरे, लहान पोरांसारखी रांगेत उभी राहून टिकल्या लावत होती. आमच्या गल्लीच्या टिकल्या मी सगळ्या गोळा केल्या आणि एकाच ठिकाणी थापल्या.

मग बोलायची वेळ आली. मी आमची मागणी पूर्ण मांडली. सल्लागार मुलीने ऐकून घेतलं, लॅपटॉपवर टाइप केलं आणि म्हणाली, "थँक यू सर. पुढचे."

"थांबा," मी म्हणालो. "तुमचं काय म्हणणं?"

"कशाबद्दल सर?"

"मी मागितलं. आता तुम्ही सांगा, किती देता."

"आम्ही देत नाही सर. आम्ही फक्त नोंदवून घेतो."

"मग देणारा कुठे आहे?"

नगरपालिकेचा इंजिनिअर पहिल्या रांगेत बसला होता. तो मागे वळून म्हणाला, "सेट्टू, हा कांदा नाही. बसा."

लोक हसले. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "कांदा सडला तर वास तरी येतो. तुमच्या कामाचा वासही येत नाही." आता आणखी जास्त हसले, पण इंजिनिअर हसला नाही. आमच्या वॉर्डाच्या नगरसेविकेचा नवरा तिच्याऐवजी आला होता, नेहमीच यायचा. त्याने मला खांद्याला धरून बसवलं आणि हळूच म्हणाला, "अण्णा, ओरडू नका. तुमच्या गल्लीसाठी मी यादीत सिमेंटचा रस्ता टाकलाय. छोटं काम आहे, लगेच होईल."

"रस्ता कुणी मागितला? पाण्याचं बोला."

"रस्ता दिसतो," तो म्हणाला. "गटार कुणाला दिसतं?"

मी वाट पाहत बसलो. कुणीतरी येईल, म्हणेल की एवढं जमणार नाही, त्यातलं काय नक्की हवं ते सांगा. मी थोडे आढेवेढे घेईन आणि गटारावर येईन. सभा संपली, लिंबूभाताची पाकिटं वाटली, टिकल्यांचे कागद गुंडाळून गाडीत टाकले. माझ्याशी भाव करायला कुणीही आलं नाही.

आराखडा पुढच्या उन्हाळ्यात जाहीर झाला. सगळी कामं तीन टप्प्यांत वाटलेली. जी छोटी आणि लगेच होण्यासारखी, ती पहिल्या टप्प्यात. आमची मागणी मोठी होती, म्हणून ती तळ्याच्या सबंध परिसराच्या पाणी-निचरा योजनेत घातली होती. तिसरा टप्पा, निधी उपलब्ध झाल्यास. आमच्या गल्लीचा सिमेंटचा रस्ता पहिल्या टप्प्यात होता.

मी इंजिनिअरच्या खोलीत जाऊन बसलो. त्याने पाणी विचारलं, मी नको म्हणालो.

"बाकी सगळं सोडा," मी म्हणालो. "पंपघर नको, बांध नको, बाकीच्या गल्ल्या नकोत. आमच्या गल्लीपासून ओढ्यापर्यंत तेवढं गटार द्या. आत्ता लिहून देतो."

"ते आता वेगळं काढता येत नाही. मोठ्या योजनेचा भाग आहे. वेगळं केलं तर सगळी मंजुरी पहिल्यापासून घ्यावी लागेल."

"सभेत का नाही सांगितलंत?"

"सभेत तुम्ही एवढं छोटं मागितलंच नव्हतं."

"तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारायला जीभ झिजते का?"

त्याने फाईल मिटली. "सेट्टू, एवढ्या लोकांना एकेक करून विचारत बसलो तर शहराचा आराखडा कधी करू?"

मी म्हणालो, मग निदान रस्ता थांबवा. गटार होईपर्यंत रस्ता नको. त्यावर तो म्हणाला की पहिल्या टप्प्यातलं काम नाकारलं तर पैसा परत जातो, आणि तसं करणाऱ्या गल्लीचं नाव पुन्हा कुठल्याही यादीत येत नाही. मी तिथे काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिपायाने मला बाहेर नेलं. माझ्याइतका भाव करणारा माणूस आमच्या भागात दुसरा नव्हता आणि माझ्याकडे विकायला काही उरलं नव्हतं.

रस्ता झाला. चांगला झाला, हे कबूल करतो, आजही त्याला तडा नाही. बाईंचा विटांचा बांध त्याच्या खाली गेला. त्यांचं अंगण आता खड्डा झालं होतं. नगरसेविकेच्या नवऱ्याने नारळ फोडला आणि बाईंनाही प्रसादाचा तुकडा आणून दिला.

त्या वर्षी दिवाळीनंतर पाऊस लागून राहिला. रस्त्यावर पडलेलं पाणी उतारावरून थेट बाईंच्या घरात जाई. सकाळी त्यांच्या शेजारणीने मला हाक मारली. मी गेलो तेव्हा पुढच्या खोलीत गुडघ्याएवढं पाणी होतं आणि ते नुसतं पावसाचं नव्हतं. सेप्टिक टँक भरून वर आली होती. खाट विटांवर चढवलेली, त्यावर यजमान, आणि बाई पाण्यात उभ्या राहून त्यांच्या अंगावरची चादर दोन्ही हातांनी वर धरून होत्या, भिजू नये म्हणून. किती वेळ तशा उभ्या होत्या मी विचारलं नाही.

आम्ही यजमानांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. दारातून बाहेर काढताना ते खिडकीकडे बघून ओरडत होते. माझ्या घरी वरच्या मजल्यावर नेलं. तिथूनही रस्ता दिसत होता, पण दुसऱ्या बाजूने दिसत होता. ते रात्रभर रडले. पाणी ओसरल्यावर मुलगा गाडी घेऊन आला. बाईंनी घरात जाऊन देवांचा डबा आणि थोडे कपडे घेतले. बाकी सगळं सोडून दिलं, कारण वास जात नव्हता.

घर एका बिल्डरने मागितलं. मी बाईंना म्हणालो, तुम्ही गप्प बसा, मी बोलतो. बिल्डरने पहिला आकडा सांगितला आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "बरें. चालेल."

मी त्यांच्याकडे बघितलं. बिल्डरही चकित झाला होता.

"बाई, हा पहिला भाव आहे," मी मराठीत म्हणालो. "याच्या खूप वर जाईल."

"जाऊं दे, तम्बी. मला त्यांच्याकडे परत जायचें आहे. ते माझ्याविना जेवत नाहींत."

जुनं घर पाडलं. बिल्डरने भराव घालून जागा रस्त्याच्या वर आणली आणि चार मजली इमारत उभी केली. इमारतीला लोक येईनात, कारण आता सगळं पाणी तिच्यासमोर साचत होतं. मग एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी जेसीबी येऊन उभा राहिला. नगरपालिकेचे लोक होते. गल्लीपासून ओढ्यापर्यंत सरळ एक गटार खणलं, वर फरश्या टाकल्या. तोच इंजिनिअर छत्री घेऊन उभा होता.

मी विचारलं, "हे तिसऱ्या टप्प्यातलं ना? वेगळं काढता येत नव्हतं."

"हे तातडीचं काम म्हणून घेतलंय," तो म्हणाला.

"तातडी कुणाची?"

त्याने छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि मजुरांकडे वळला. लोक मला अजून सांगतात की मी जास्त मागितलं म्हणून सगळं गेलं. मला ते मान्य नाही. मी जास्त मागितलं, त्यांनी कमी करून द्यायला हवं होतं. बिल्डरला त्यांना कमी करून देता आलं, कारण त्याच्याशी भाव करायला ते तयार होते. आमच्याशी ते भाव करायलाच बसले नाहीत.

पुढच्या पावसात मी बाईंना भेटायला गेलो. मुलाच्या फ्लॅटभोवती रुंद रस्ते, दोन्ही बाजूंनी गटारं, पाण्याचा थेंब साचलेला नाही. यजमानांची खाट भिंतीला लावलेली होती. खिडकी होती, पण उंच मजल्यावरून फक्त आभाळ दिसत होतं. ते तोंड उघडं टाकून पडले होते. बाई त्यांना मऊ भात भरवत होत्या.

"तम्बी, आपल्या गल्लींत यंदा पाणी आलें कां?"

आमच्या गल्लीत त्या वर्षी पाणी आलं नव्हतं. माणसं पावसात चप्पल घालून फिरत होती.

"आलं," मी म्हणालो. "तुम्ही निघालात त्या वर्षीपेक्षा जास्त."

"मग निघालों तें बरें केलें," त्या म्हणाल्या आणि पुढचा घास कालवायला लागल्या.