येसर कुणी जाळलं

मला बदला घ्यायचा होता आणि नातीला मायक घ्यायचा होता. मायक आधी आला.

नात बीडला एका कोचिंग क्लासमध्ये शिकवते. स्टँडच्या मागं भाड्याच्या दोन खोल्या आहेत, तिथं आम्ही दोघी राहतो. दुपारी ती मोकळी असते. तिनं पॉडकास्ट काढायचं ठरवलं. मी बोलायचं, ती फोनवर सोडणार, लोक ऐकणार. मी म्हटलं, "माझं कोण ऐकतंय? तुझ्या आज्यानं मरेपर्यंत ऐकलं न्हाई." ती टाळी वाजवून म्हणाली, "आजी, हेच! हेच पुन्हा म्हण, मी सुरू करते."

सुरू व्हायला पंधरा दिवस गेले. पोरगी काळजीनं अर्धी झाली. खोली घुमते म्हणून खिडकीला वाकळ, दाराला वाकळ, शेवटी आमच्या दोघींच्या डोक्यावर वाकळ. डालग्याखाली कोंबड्या झाकाव्यात तशा आम्ही भर दुपारी बसायचो. सुरुवातीला वाजवायची धून तिनं सात वेळा बदलली. पहिल्या अर्ध्या मिनिटात माणूस धरला नाही तर सुटतो, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. मी तरी कुठं शहाणी? मी नवं लुगडं नेसून बसले.

"आजी, कुणाला दिसत न्हाई."

"आवाजात कळतं."

माझी खरी काळजी दोनच गोष्टींची. कवळी वाजू नये, आणि माझी नणंद ऐकायला चुकू नये. नणंद नेकनूरला असते. तिच्या सुनेच्या फोनवर सगळं येतं, हे मी आधीच हेरून ठेवलं होतं.

आता तिनं माझं काय केलं ते सांगते.

आमच्या घरात लेकीच्या लग्नाला येसर घरीच करायचं. गहू, डाळी, धने, मसाला वेगवेगळं भाजून दळायचं. त्या पिठाची आमटी वऱ्हाडाच्या पानात पडते, आणि उरलेलं डबाभर लेकीबरोबर सासरी जातं. त्याचं माप आई लेकीला सांगते. सुनेला नाही. सुनेनं भाजायचं, दळायचं आणि कानावर पडलं तर पडलं नाही म्हणायचं.

नणंदेच्या लग्नात मी घरात येऊन वर्षच झालं होतं. मागच्या अंगणात तीन दगडांवर कढई, कढईत धने, समोर मी. नवरी हळदीच्या अंगानं आली नि म्हणाली, "वैनी, तू पाणी घेऊन ये, मी हलवते." ती माझ्याहून दीड वर्षानं लहान. ती मला अगंतुगं करणार, मी तिला अहोजाहो. मी घागरी उचलल्या. परत आले तर अंगणात धूर. नवरी ओसरीवर कासारापुढं हात धरून बसलेली, कोपरापर्यंत हिरवा चुडा. सासूनं विचारलं, "धने कुणी जाळले?" नवरी मान न वळवता म्हणाली, "वैनी सोडून गेली."

आणि मी काय म्हणावं? "चुकलं माझं, आत्याबाई."

तेव्हाच्या त्या माझ्यातल्या पोरीला आज भेटले तर दोन्ही घागरी तिच्या डोक्यावर रिकाम्या करीन. तिला वाटत होतं, आपण गप्प राहिलो की सगळ्यांना आपलं मोठेपण कळेल. कुणीतरी येऊन विचारील, पोरी, खरं काय झालं? कुणी आलं नाही. दुसरे धने भाजायला वेळ नव्हता. तेच दळलं. आमटी कडू झाली, वऱ्हाडानं दही मागून मागून जेवण उरकलं. पाठवणीच्या वेळी नवरी रडत माझ्या गळ्यात पडली. मी कान पुढं केला, आता तरी म्हणेल माफ कर. ती कानात म्हणाली, "माझ्या शेळीकडं बघ."

मी दोन वर्षं त्या शेळीकडं बघितलं. एवढी मी हुशार.

तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं घरातल्या कुठल्याही लग्नात कढई चढली की कुणीतरी माझ्या हाताला धरून म्हणतं, "तुमी पोळ्या लाटा." माझ्या पोरीच्या लग्नातसुद्धा येसर नणंदेनं भाजलं. मी पोळ्या लाटल्या.

हे सगळं मी वाकळेखाली बसून सांगितलं. नाव घेतलं नाही. हनुवटीवरचा तीळ सांगितला, दारापुढच्या दोन चिंचा सांगितल्या, हसताना पदर तोंडात धरायची खोड सांगितली. नेकनूरच्या वाटेवरच्या कुत्र्यालाही कळलं असतं.

सोडल्यावर नात कपाळाला हात लावून बसली. मधेच पंखा कुणी लावला होता? मीच, मला उकडत होतं. खालच्या मजल्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या, त्याही आत आल्या होत्या. "आजी, आता एकजण ऐकणार न्हाई," ती म्हणाली. मला शिट्ट्यांचं काय? मी नेकनूरच्या बातमीची वाट बघत होते.

बातमी आठ दिवसांनी आली. गिरणीवर दळण टाकून बायका ऐकत बसल्या होत्या. नणंदही होती. ऐकून ती पदर तोंडात धरून हसली आणि म्हणाली, "वैनीचं वय झालं. काय बी आठवतंय."

माझा बदला असा पिठात गेला.

मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे नातीपुढं जेवले नाही. तिसऱ्या दिवशी ती फोन घेऊन आली, डोळे हे एवढे मोठे. "आजी, लोकांनी लिहिलंय बघ." पंखा? पंख्याचं कुणी लिहिलं नव्हतं. धून बऱ्याच जणांनी पुढं ढकलून टाकली होती. एका सुनेनं शिट्ट्या मोजल्या होत्या, तीन शिट्ट्यांत तुरीची डाळ शिजते का, असं विचारत होती. ऊसतोडीला गेलेल्या एका बाईनं आवाज पाठवला होता. कमरेला फोन खोचून, मोळ्या बांधताना ती ऐकते. मागं कोयते वाजत होते. ती म्हणाली, "आजी, लई बरं वाटलं. पण धने किती घ्यायचे ते सांगितलंच न्हाई. आमची आई गेली, माप तिच्यासंगं गेलं."

त्याखाली सगळे तेच विचारत होते. बाजरी घालायची का? दगडफूल कधी? जळलेले धने निवडून काढले तर चालतात का? कुणी जाळले, हे एकानंही विचारलं नव्हतं. आम्हा दोघींना वाटत होतं, लोक आमच्याकडं बघतायत. लोक कढईत बघत होते.

आधी राग आला. मग मी उठून चहा केला. चहा उकळेपर्यंत माझं डोकं चाललं. माप! नणंदेची सगळी शान त्या मापावर. नेकनूरला कुणाकडं लग्न असलं की तिला गाडी पाठवून नेतात. ती दार लावून भाजते, सख्ख्या सुनेलाही आत घेत नाही. ती जळकी आमटी तिथले लोक कधीच विसरले, तिचा हात तेवढा राहिला. आणि ते माप मलाही पाठ होतं. ज्या सुनेला कुणी धड बघत नाही, तिच्यापुढं माणसं मोकळं बोलतात.

"चल," मी नातीला म्हटलं, "वाकळ घे."

दुसऱ्या भागात मी माप सांगितलं. गहू किती, हरभऱ्याची डाळ किती, धने कशावर भाजायचे, मिरी कधी टाकायची. सावकाश, लिहून घेता येईल असं. शेवटची एक वस्तू ठेवली. म्हटलं, ती पुढच्या भागात.

चार तासांत फोन वाजला.

"वैनी, माप कावून सांगितलंस?"

"लोकांनी इचारलं, वन्सं."

"आईनं मला दिलतं ते!"

"मला आळ दिलता. जे मिळालं ते मी सांभाळलं. आता वाटायला काढलंय."

मग ती म्हणाली, "शेवटची वस्तू सांगू नको. तुला काय पायजे ते बोल."

मी बोलले. मंगळवारी ती एसटीनं आली, आणि येताना आपल्या हातचं येसर डबाभर घेऊन आली. मी चिमूटभर तोंडात टाकलं. अगदी सासूच्या हातचं. झाकण लावून डबा फळीवर ठेवला.

तिघी वाकळेखाली बसलो. नातीनं कानाला यंत्र लावलं, बोट वर केलं. नणंद मायकाकडं बघत पुटपुटली, "धने जळाले ते माझ्याच्यानं."

नातीनं अंगठा दाखवला, आवाज स्वच्छ आलाय. मी तिच्या पायावर पाय ठेवला.

"नीट आलं न्हाई, वन्सं. पुन्हा म्हणा."

"माझ्या लग्नातलं येसर मी जाळलं."

"खाली हॉर्न वाजला. पुन्हा."

तिनं घाम पुसला. "वैनी पाण्याला गेलती. कढई माझ्याकडं होती. मी कासाराकडं पळाले. आन आईनं इचारलं तवा वैनीचं नाव सांगितलं. आई मारील म्हणून न्हाई. लग्नघरात माझ्यावर कुणी चिडू नये म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यासाठी! नातीनं ओठ दाबून धरले होते, खांदे हलत होते. नणंदेनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वैनी, मायक बिघडलाय का तुझं मन भरंना?"

"मन भरंना," मी म्हटलं. "पुन्हा म्हणा."

आणि ती म्हणाली. या खेपेला अशी मोठ्यानं, की खालच्या मजल्यावरच्या बाईनं कुकर बंद करून वर बघितलं असेल.