डावी बाजू

हेडसेट निवडायचं काम मी आयुष्यात एकदाच जीव ओतून केलं, आणि तेवढे दिवस घरातल्या कोणालाही सुखानं बसू दिलं नाही.

चिखलीजवळच्या उंद्रीला आमची शेती आहे आणि ट्रॅक्टर आहे. घरचं आटोपलं की मी लोकांच्या वावरात नांगरटी, रोटा, पेरणी अशी भाड्याची कामं करतो. कॉलेजात शिकत असल्यापासून हेच चाललंय. दिवसभर धूळ खायची आणि संध्याकाळी आंघोळ करून पीसीसमोर बसायचं. कॉलेजातले आम्ही चार मित्र, एक मेहकरला, दोघं पुण्यात आणि मी, रोज बंदुकांच्या खेळात भेटायचो. खेळता खेळता एकमेकांच्या घरची विचारपूस व्हायची, शिव्याही व्हायच्या. दिवसातला तेवढाच वेळ मला माझा वाटायचा.

त्या खेळात मी सारखा मरायला लागलो. शत्रू दिसायच्या आधी त्याची पावलं हेडसेटमधून ऐकू येतात, ती ज्या बाजूनं येतील तिकडे वळायचं असतं. उजवीकडून आलेल्याला मी सोडत नव्हतो. डावीकडून कोणी आला की मी आडवा. मेहकरवाला बोंबलायचा, "डावीकडून धपाधप पळत आला बे तो! तुले ऐकू काऊन नाही येत?" मी सांगायचो, हेडसेट भंगार आहे. पुढे एका स्पर्धेत नाव द्यायचं निघालं, तेव्हा पुण्यातला एक जण हळूच म्हणाला की त्याच्या ऑफिसात एक चांगला खेळणारा आहे. हे मात्र मला बरोबर ऐकू आलं.

माझं डोकंच फिरलं. चिखलीच्या दुकानातून नवा हेडसेट आणला. त्याला लाल-निळे दिवे होते. दिवे छान लागायचे, डावी बाजू बारीकच. दुकानदार म्हणाला, वायर दबली असेल, आणि बदलून द्यायला तयार झाला. मी पैसे परत घेऊन दुसरा ऑनलाइन मागवला. तो यायच्या आधी जेवताना, डिझेल भरताना, जिथे उभा असेन तिथे हेडसेटचे व्हिडिओ पाहिले. दिव्यांना काही अर्थ नाही हे कळलं. रेक्झिनच्या गाद्या आमच्या उन्हाळ्यात कान शिजवतात, कापडी बऱ्या. वजन हलकं पाहिजे. माईक वर उचलला की आपोआप बंद झाला पाहिजे, नाहीतर आमच्या कुकरच्या शिट्ट्या पुण्यापर्यंत जातात. खोक्यावर 'सेव्हन पॉइंट वन' लिहिलंय म्हणून भुलू नये, चांगला साधा स्टीरिओ असला तरी आवाजाची दिशा नीट कळते. एवढं शिकून घेतलेला दुसरा हेडसेटही डावीकडून बारीक.

मग सेटिंग बदलली, ड्रायव्हर बदलला, विंडोज नव्यानं टाकली. बसल्या जागी बसवत नव्हतं. बायको म्हणाली, "त्या डबड्याच्या मांगं लागले तुमी, सोयाबीनले फवारा कोन मारन?" मी तिच्यावर खेकसलो आणि पुन्हा चिखलीला गेलो. तिसरा हेडसेट दुकानदारानं स्वतःच्या कानाला लावून दाखवला. "भाऊ, दोन्हीकडून सारखाच आवाज येऊन राह्यला." त्याला काय, विकायचाच होता. तरी घेतला.

घरी आल्यावर बायकोला समोर बसवलं. ती तुरीची डाळ निवडत होती. तिनं हेडसेट लावला, थोडा वेळ डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "सारखं तर हाय दोन्हीकडून." मी तिच्या डोक्यावरून तो ओढूनच घेतला आणि घाईत उलटा घातला. डावीकडची पावलं एकदम खणखणीत आली. मी खूश झालो, डावी बाजू सुधारली म्हणून. पण आता उजवीकडची गेली होती. हेडसेट सुलटा केला, परत उलटा केला. कसाही घातला तरी बारीक आवाज माझ्या डाव्या कानालाच. मी हेडसेट काढून मांडीवर ठेवला. मला भीती वाटली.

बुलडाण्याच्या कानाच्या डॉक्टरनं तपासणी केली आणि धंदा विचारला. ट्रॅक्टर म्हटल्यावर म्हणाला, "मागचं अवजार बघायला कोणत्या बाजूनं वळता?" मी खुर्चीतच उजव्या खांद्यावरून मागे वळलो. "आणि तेव्हा डावा कान कुठं असतो?" पुढे इंजिनावर असलेल्या सायलेन्सरकडे. इतकी वर्षं रोज दिवसभर. गेलेलं परत येणार नाही म्हणाला, राहिलेलं सांभाळा, ट्रॅक्टरवर कान झाकत जा.

बायको सोबत आली होती. स्टँडवर बाकावर बसलो तेव्हा ती वळसा घालून माझ्या उजव्या हाताला येऊन बसली. मी विचारलं, "या बाजूलेच काऊन बसली?"

"तिकडून बोललं तं तुमी बोलत नाही."

"हे तुले कधीपासून माहीत?"

"लय दिवस झाले. मले वाटे, तुमचा सोभावच तसा हाय."

मित्रांना मी त्याच संध्याकाळी खरं ते सांगितलं. मेहकरवाला म्हणाला, "आधी सांगाचं ना बे." आता खेळात मी डावीकडे भिंत धरून उभा राहतो आणि ते तिघं डावीकडची खबर देतात. स्पर्धेतही मीच खेळलो. ते प्रकरण तिथे मिटलं.

बायकोचं बोलणं मात्र मनातून जाईना. गोठ्यात, चुलीपाशी, गाडीवर, दिसेल तिथे मी तिच्या मागे लागायचो की तिकडून काय काय बोलली होतीस ते सांग. ती म्हणायची, आता कुठं ध्यानात राह्यते. मी सोडत नव्हतो. शेवटी एका सकाळी कणीक मळता मळता ती वैतागली.

"लग्न झालं त्या साली एकदा म्हटलं होतं, मले इथं करमत नाही. तुमी काईच बोलले नाही. मंग मी करमून घेतलं."