जोल्दोशने कॅमेरा कसा घेतला

जोल्दोशवाचून आमच्या गावाचं पान हलत नाही. लग्नाचे फोटो तो काढतोच, पण त्याची खरी ख्याती टेकडीवरच्या कबरस्तानात आहे. तिथल्या काळ्या दगडांवर कोरलेले सगळे चेहरे त्याच्याच फोटोंवरून घेतलेले. साठी उलटली की आमची माणसं ठेवणीतले कपडे चढवून, पदकं लावून त्याच्या अंगणात येतात आणि दगडासाठीचा फोटो आधीच काढून ठेवतात. एकट्याने बसायचं, सरळ समोर बघायचं, हसायचं नाही. मग पुढची वीस वर्षं खुशाल जगायचं.

फक्त त्याची स्वतःची आई, बुरुल आपा, तेवढी राहिली होती. ऐंशी उलटली तरी फोटोला बसायला तयार नाही. "तुझ्या त्या डबड्याने ज्याच्याकडे बघितलं, तो टेकडी चढला," म्हणायच्या. जोल्दोश धाकटा, म्हणून रीतीप्रमाणे आई त्याच्याकडे. थोरली भावंडं फोनवरून टोमणे मारायची, "गावभरच्या आयांचे फोटो काढलेस, आपली तेवढी राहिली." त्याला ते फार लागायचं. आम्ही दोघं एका वर्गातले, त्यामुळे मी त्याला चिडवायचं कधी सोडत नाही. पण एकदा तो म्हणाला, "आपा गेल्या तर दगडावर काय कोरू रे?" तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मी त्याला चहा ओतला.

अशात त्याच्या जुन्या कॅमेऱ्याने मान टाकली, तीही एका लग्नात, नवी नवरी सासऱ्याला वाकून नमस्कार करत असताना. लेन्सची नळी अर्धी बाहेर आली आणि तिथेच अडकली. नवा घेणं भागच होतं. जोल्दोश सगळा हिवाळा फोनवर कॅमेरे बघत बसला. बायको पसंत करायला ह्याला एक दुपार पुरली होती.

शेवटी माझ्या गाडीतून आम्ही काराकोल शहराला निघालो. बुरुल आपा मागे बसल्या, त्यांना गमबूट घ्यायचे होते.

दुकानदार बेकतूर तरणा आणि तोंडाळ. त्याने मेगापिक्सेल, झूम, सगळी पोपटपंची केली. जोल्दोशचा प्रश्न एकच. "आवाज किती करतो?" एकेक कॅमेरा कानाशी धरून तो बटण दाबत होता.

"दादा, कॅमेरा घेताय की कलिंगड?" बेकतूर म्हणाला.

जोल्दोश माझ्या कानात कुजबुजला, "आवाज नसला तर आपांना कळायचं नाही. चहा पिताना टिपून घेईन."

"म्हणजे सख्ख्या आईवर पाळत ठेवणार?"

"ठेवणार."

अखेर एक मुका कॅमेरा सापडला. आपा आमच्याकडे पाठ करून काचेतली घड्याळं बघत होत्या. जोल्दोशने हळूच नेम धरला.

"खाली ठेव," आपा मागे न वळता म्हणाल्या.

"तुम्हाला कळलं कसं?"

"मी तळत बसले की मागून बोरसोक पळवायचास, तेव्हा काय ताशे वाजवायचास?"

त्या आल्या आणि कॅमेरा काढून घेतला. नवी वस्तू पहिल्यांदा बघणाऱ्याने आमच्याकडे काहीतरी भेट द्यावी लागते, तिला बायगाझी म्हणतात. जोल्दोशला आयतीच संधी मिळाली. "बघितलात ना? मग बायगाझी द्या. फोटोला बसा."

"दाबायचं कुठे?" म्हणत त्यांनी तो त्याच्यावरच रोखला आणि दाबला. मग पडदा डोळ्यांशी नेला. पिकलेली दाढी, डोळ्यांखाली पिशव्या, तोंड उघडं.

"हा कोण?"

"मी, आपा."

आपा बराच वेळ बघत राहिल्या. "तू कधी म्हातारा झालास रे? मला कोणी सांगितलंसुद्धा नाही."

आपांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला, स्टूल ओढून जोल्दोशला खेटून बसल्या आणि कॅमेरा बेकतूरकडे दिला. "घे, दाब."

"आपा, एकट्या बसा, समोर बघा, हसू नका," जोल्दोश घाईघाईने सांगायला लागला. तेवढ्यात आपांनी त्याचा कान पिळला. बेकतूरने नेमकं तेव्हाच दाबलं. फोटोत आपा सोन्याच्या सगळ्या दातांनिशी हसताहेत आणि पंचावन्न वर्षांचा घोडा ओरडतोय.

"अजून एक काढू."

"बायगाझी एकदाच देतात," म्हणत आपा उठल्या.

परतीच्या वाटेवर जोल्दोश फोटो बघून बघून कुरकुरत होता. "आपा, हा दगडावर कसा कोरायचा? दोघं आहोत, त्यात तुम्ही हसताय. दगडवाला परत पाठवेल."

"पाठवू दे," नवे गमबूट पायात घालता घालता आपा मागून म्हणाल्या. "दगडाशी तू वर्षातून एकदा येशील. हा घरात लाव, म्हणजे मी रोज दिसेन."