केवढा निरोप येणार?

घरातच ऑफिस थाटलं की किस्से धुण्यासारखे साठतात. मला आताशा सारखं उठवत नाही, म्हणून बसल्या बसल्या घड्या घालते.

नात मनाली आणि तिचा कामातला भागीदार सागर, हा हरसूलचा. गंगापूर रोडवरच्या आमच्या हॉलमध्ये दोघांचं ऑफिस. द्राक्षांच्या फोटोंतून खराब मणी हुडकणारा प्रोग्रॅम ते करत होते. द्राक्षं परदेशी धाडणाऱ्या ओळखीच्या एका काकांना पसंत पडला तर काम मिळणार, नाही तर मनाली बंगळुरूला नोकरीवर जाणार. बॅग भरून ठेवली होती. तीही माझ्याच खोलीत!

एकदा विचारलं, "दिवसभर करता काय गं?"

"आजी, फोटो चार प्रोसेसना वाटून देतो. चार कामकरणी समज. खराब मणी सापडले की त्या मुख्य प्रोसेसला निरोप धाडतात. पण निरोप केवढा येणार ते आधी कळत नाही. जागा कमी पडली की प्रोग्रॅम पडतो."

"जेवायला कोण कोण थांबणार ते मला तरी कुठं कळतं? पण मला पडायचीसुद्धा सोय नाही!"

मग सागरनं प्रत्येक निरोपासाठी भलीमोठी जागा राखली. "आजी, आता काय टेन्शन नाय!" संध्याकाळी कॉम्प्युटर हँग!

मनाली म्हणाली, "अरे, दोन मण्यांच्या निरोपाला मंगल कार्यालय बुक केलंस!"

पुढं शहाणपण आलं. निरोप दाराशी आला की आधी त्याचा आकार विचारायचा, तेवढी जागा करायची, मग आत घ्यायचा. तरी गडबड! शोधून शोधून कळलं, आकार विचारला एकीच्या निरोपाचा आणि आत घेतला दुसरीचा.

"माप एकीचं, ब्लाउज दुसरीला!" मनाली ओरडली.

सागर म्हणाला, "आजी, लय दमलो."

"मग चहा तूच ठेव बाबा. मी तर तुमचं नुसतं ऐकूनच दमले!"

शेवटी काका-काकू प्रोग्रॅम बघायला आले. सुरू झाला आणि मध्येच थिजला. मनालीनं स्क्रीन बघितली नि कपाळाला हात लावला.

"काका, या चौथ्या प्रोसेसच्या वाट्याच्या फोटोंत एकही खराब मणी निघाला नाही. म्हणून हिनं निरोपच पाठवला नाही. आणि मुख्य प्रोसेस हिची वाट बघत बसलीय."

"म्हणजे माझा माल चांगला निघाला म्हणून तुमचं मशीन अडलं?"

"हो ना. काही सांगायचं नसलं तरी रिकामा निरोप पाठवायला हवा. नाही तर समोरची नुसती बसून राहते."

काकू नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत?"

काका चहाच्या कपात बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, काम तुझं. फक्त एवढी दुरुस्ती करून घे."

काकू म्हणाल्या, "आमच्या घरापासून सुरुवात कर!"