पान एक्कावन्नवरची हिरवी सही

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे, नाहीतर माझं काही खरं नाही. मी लायब्ररीच्या पायरीवर बसून फोनवर टाइप करतेय, पुस्तक मांडीवर आहे, आणि आतून लायब्ररीवाले काका दोनदा म्हणालेत की पायरी चढायला असते, बसायला नाही. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

तर. मी पॅरानॉर्मल रोमान्स वाचते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ह्यात मुलगी माणूस असते आणि मुलगा माणूस नसतो. तो व्हॅम्पायर असतो, लांडगा असतो, नाहीतर स्वर्गातून हाकललेला देवदूत असतो. बाकी सगळं स्थळ बघण्यासारखंच. वयात जरा अंतर असतं, साधारण तीनशे वर्षं. घरचे विरोध करतात. मुलगा दिवसा कधीच का भेटत नाही हे कुणी विचारत नाही.

मी हडपसरला एका आयटी कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना लेखी कळवायच्या. पुण्यात हे लोक फुकट करतात, मला पगार मिळतो. राहते बिबवेवाडीत, आईबाबांबरोबर. कंपनीच्या कॅबमध्ये जातायेता वाचते. आणि माझ्यात एक दोष आहे, तो आधीच सांगून टाकते: माझ्या पोटात काही राहत नाही. मी पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचते आणि मग ते कुणाला तरी सांगते. आवरतच नाही. आम्ही सगळ्या वाचतो त्या व्हॅम्पायरच्या मालिकेतल्या तिसऱ्या भागाचा शेवट मी कॅबमधल्या एका मैत्रिणीला सांगितला होता, ती सतरा पानांवर असताना. ती हडपसरच्या गाडीतळापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हरशेजारी बसायला लागली.

लायब्ररी आमच्या घराजवळच, एका गाळ्यात. काकांनी ह्या पुस्तकांसाठी मागचा एक कप्पा दिलाय आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावलीय: "भुतांची लग्ने". दारातच बोर्ड आहे: "पुस्तकात खुणा करू नयेत. लक्षात राहत नसल्यास वाचू नये."

आणि तरीही आम्ही खुणा करतो. करावंच लागतं. ह्या सगळ्या पुस्तकांची नावं सारखी असतात, मुखपृष्ठावर चंद्र असतो आणि चंद्राखाली शर्ट न घातलेला माणूस. हे आपण वाचलंय का, हे बाहेरून कळतच नाही. म्हणून कुणीतरी कधीतरी सुरू केलंय आणि आता सगळ्याच करतात: वाचून झालं की पान एक्कावन्नवर, खालच्या कोपऱ्यात, आपली खूण करायची. पुढच्या वेळी हातात घेतलं की एक्कावन्न उघडायचं. आपली खूण असेल तर परत कप्प्यात. माझी चांदणी. कुणाचा मासा आहे, कुणाचे तीन ठिपके. सगळ्या पेन्सिलीने, बारीक, काकांना दिसणार नाहीत अशा.

एक सोडून. ती पेनाने. हिरव्या शाईत. आणि ती खूण नव्हती, सही होती. लांबलचक, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. फाईल मंजूर करावी तशी कुणीतरी भुतांची लग्नं मंजूर करत होतं. प्रत्येक पुस्तकात सगळ्यात वर. म्हणजे मी काहीही उचललं तरी ही व्यक्ती माझ्याआधी तिथे जाऊन आलेली असायची. चार वर्षं मी तिच्या मागून वाचतेय. तीनशे वर्षांचा, एकटा राहणारा, सुंदर अक्षराचा कुणी असेल अशी माझी एक थिअरी होती. असो.

पावसाळ्यानंतर आमच्या मालिकेचा अकरावा भाग आला. शेवटचा. प्रश्न एकच उरलेला: नायिका त्या व्हॅम्पायरकडून चावून घेते की नाही. घेतलं तर कायमची त्याच्याबरोबर, पण ऊन पुन्हा कधीच बघायचं नाही. नाही घेतलं तर माणूस म्हणून म्हातारी होणार. दहा भाग हेच चाललंय. रजिस्टरमध्ये माझा नंबर दुसरा होता, म्हणजे निदान एक आठवडा थांबायचं. आणि काकांनी पहिल्याच दिवशी पुस्तक माझ्यासमोर ठेवलं.

"न्या. एक नंबरने सोडलाय."

मी तिथल्या तिथे शेवटचं पान वाचलं. मग एक्कावन्न उघडलं. कोरं.

"एक नंबर म्हणजे हिरवी शाई?"

"कुठली शाई? आमच्याकडे खुणा करत नाहीत," काका म्हणाले. मग चष्मा पुसत, "मॅडमना वाचता येत नाहीये. एक डोळा काचबिंदूने आधीच गेलाय. दुसऱ्यात मोतीबिंदू, तोही चिवट. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. त्या डोळ्याला काही झालं तर संपलंच. तुमच्या मागच्याच सोसायटीत राहतात. सांगितलं नाहीये मी तुम्हाला."

मी पुस्तक घेऊन थेट मागच्या सोसायटीत गेले. दार त्यांनीच उघडलं. सत्तरीच्या, बारीक, इस्त्रीची सुती साडी, मान एका बाजूला कलवून माझ्या कानाकडे बघत.

"कोण?"

"मी लायब्ररीतली. दोन नंबर."

"दोन नंबरवाल्यांना मी तीस वर्षं दाराबाहेर उभं केलंय. काय काम आहे?"

मी एका दमात सगळं सांगितलं. एक्कावन्न, सही, चार वर्षं, थिअरी. थिअरी नसती सांगितली तरी चाललं असतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बसा. चहा घेता का?" मी घेतला, कारण बिबवेवाडीत हे दोनदा विचारत नाहीत.

हॉलमध्ये बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांचं कपाट, टेबलावर पेनस्टँड. त्यात एकच पेन. त्या सरकारात क्लास वन ऑफिसर होत्या. हिरव्या शाईत सही करायचा मान असतो तो. "वस्तीतल्या शाळेतून निघाले तेव्हा आमच्या घरात शाईची एक दौत होती," त्या म्हणाल्या. "निळी. हिरवीपर्यंत पोचायला फार वर्षं घासलीत. रिटायर झाले म्हणून सोडू?"

"पण मग हीच पुस्तकं का?"

"तीस वर्षं खरं तेच वाचलं. बदल्या, तक्रारी, चौकशी अहवाल. पुरे झालं."

ठरलं असं: शनिवार-रविवार दुपारी तीन वाजता मी जाऊन वाचून दाखवायचं. ऑपरेशनपर्यंत. मग त्यांनी विचारलं, "शेवट वाचलाय तुम्ही?"

"…हो."

"वाटलंच. तर एक अट. शेवटचं प्रकरण मी वाचणार. ह्याच डोळ्याने. तोपर्यंत शेवटाबद्दल एक शब्द काढायचा नाही. जमेल?"

मी म्हटलं जमेल. हे म्हणजे गळक्या बादलीने विहिरीला शब्द देण्यासारखं होतं.

मोठ्याने वाचायचा एक प्रॉब्लेम असतो जो मनात वाचताना कळत नाही. शेजारी स्वयंपाकघरात त्यांची सून असायची. पहिल्याच शनिवारी प्रकरण चारमध्ये त्याने तिला भिंतीशी टेकवलं आणि मी पाच पानं गाळून थेट सकाळवर आले.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आत्ता शर्ट होता. आता नाश्ता करतायत. मधलं कुठे गेलं?"

"मधे फार काही नाहीये, मॅडम."

"अर्धी फाईल वाचून मी कधी सही केली नाही. मागे जा."

मी मागे गेले. ते सगळं मी क्लायंट कॉलच्या आवाजात वाचलं, बग रिपोर्ट वाचतात तसं. सूनबाई पोहे घेऊन आल्या.

"काय वाचताय, आई?"

"इंग्रजी साहित्य."

"छान आहे?"

"वर्णनं बारकाईची आहेत," मॅडम म्हणाल्या आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

लायब्ररीचं पुस्तक एक आठवडा ठेवता येतं. दुसऱ्या आठवड्यात मी काकांकडे गेले तेव्हा तीन नंबरचा फोन चालू होता. माझ्यासमोर काका म्हणाले, "नाही हो, अजून नाही. बाइंडिंगला गेलंय." नवंकोरं पुस्तक. फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिलाई सैल होती." ह्या माणसाने माझ्या आईला एकदा एका तासाच्या उशिरावरून ऐकवलंय.

शेवट माझ्या तोंडात सारखा येत होता. चहा पिताना, लिफ्टमध्ये. मधेच त्या एखाद्या वाक्यावर "हं, म्हणजे ही नक्की चावून घेणार" असं म्हणायच्या आणि मी पटकन पोह्यांचा घास घ्यायचे. त्या महिन्यात मी बरेच पोहे खाल्ले. एकदा "हो, पण नंतर" एवढं निसटलंच. मॅडमनी नुसता तळहात वर केला, मीटिंगमध्ये करतात तसा. मी खोकले.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आम्ही उपांत्य प्रकरण संपवलं. ती गच्चीवर उभी आहे, उजाडायला आलंय, तो सावलीत थांबलाय आणि म्हणतो, आता ठरव. मी पुस्तक मिटलं. मॅडमनी हाताने टेबल चाचपलं, पेनस्टँड सापडला, त्यातलं पेन नीट सरळ केलं. ते सरळच होतं.

"सांग," त्या म्हणाल्या.

महिनाभर त्या मला अहो-जाहो करत होत्या.

"काय सांगू?"

"शेवट. सांग ना गं. उद्या दिसलंच नाही तर?"

मी तोंड उघडलं. शेवट जिभेवर होता, एका वाक्याचा आहे, तीन सेकंद लागले असते. जन्मभर मला कुणीतरी हे विचारावं म्हणून मी थांबले होते, आणि सगळे लोक कानावर हात ठेवायचे. आणि मला काय झालं माहीत नाही. मला वाटलं, मी सांगितलं तर ह्या उद्या ऑपरेशनला सगळं आवरून जातील. काही वाचायचं शिल्लक न ठेवता.

"नाही," मी म्हटलं.

"मी सांगतेय ना."

"तुम्हीच म्हणालात, अर्धी फाईल वाचून सही करत नाही."

"आणि डोळा गेला तर?"

"तर मी येऊन वाचीन. पूर्ण. एक पान गाळणार नाही. सूनबाई हॉलमध्ये बसल्या असल्या तरी. पण सांगणार नाही."

"उद्धट आहेस."

"हो."

"पुस्तक इथेच ठेव."

ठेवलं. जिन्यात येऊन रडले, मग लिफ्टने खाली गेले.

त्यानंतर तीन आठवडे काहीच नाही. फोन करायची हिंमत नव्हती, कारण काय झालं असं विचारायचं असतं आणि मग उत्तर येतं. दोनदा त्यांच्या सोसायटीच्या गेटपर्यंत गेले. वॉचमनने विचारलं कोणाकडे, मी म्हटलं कुणाकडे नाही, तो म्हणाला मग पलीकडे उभ्या राहा. ऑफिसात एका स्क्रीनवर बटणच नव्हतं आणि मी टेस्ट पास म्हणून पाठवलं. टीम लीडने विचारलं, "तुला दिसलं नाही?" मी टॉयलेटमध्ये जाऊन बसले. काकांनाही विचारलं. काका म्हणाले, "बाइंडिंगला वेळ लागतो."

आणि आज शनिवार. मी दुसरंच काहीतरी परत करायला आत्ता आले, आणि काकांनी काउंटरखालून ते काढून समोर ठेवलं.

"आलं बाइंडिंगहून."

"कोणी दिलं? सूनबाईंनी?"

"मला विचारू नका. उघडा."

मी एक्कावन्न उघडलं. कोपऱ्यात हिरवी सही. वाकडी. छापलेल्या ओळीवर चढलेली, रेघ अर्ध्यात सुटलेली, दोन टिंबांतलं एक समासाबाहेर. पण सही. मला आधी वाटलं, अंदाजाने केली असेल. सही तर डोळे मिटूनही होते. पान एक्कावन्न सून काढून देऊ शकते. पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि शेवटचं पान उघडलं.

शेवटच्या ओळीतल्या नेमक्या त्या तीन शब्दांखाली हिरवी रेघ होती. त्याच तीन शब्दांत सगळा शेवट आहे. कुणी वाचल्याशिवाय ती रेघ तिथे येणार नाही. आणि खाली, मोठ्या मोठ्या अक्षरांत, ओळ उतरत गेलेली:

"पाहिले. शेवट अमान्य. फेरविचारार्थ परत."

मी काकांना दाखवलं. काकांनी चष्मा लावून वाचलं, मग बोर्डाकडे बघितलं, मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"मी काही पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "आणि रडायचं तर बाहेर. पुस्तकं ओली होतात."

म्हणून मी पायरीवर आहे. माझी चांदणी मी आत्ताच काढली, हिरव्या सहीच्या खाली, माझ्या जागेवर. आता मी मागच्या सोसायटीत निघालेय, कारण मला तो शेवट आवडला होता आणि मला भांडायचंय. दुपारचे तीन वाजतच आलेत. तीन नंबरला सांगा, अजून एक दिवस. आणि नाही, ती चावून घेते की नाही, ते मी इथे लिहिणार नाहीये. मलाच आश्चर्य वाटतंय.

पण मला एक सांगा, तुमच्या लायब्ररीतल्या पुस्तकांत अशी कुणाची खूण असते का, तुमच्या नेहमी एक पाऊल पुढे? आणि ती एक दिवस दिसली नाही तेव्हा तुम्ही शोधायला गेला होतात का?