शेजारणीला आवडेल का?

शेवेचा डबा रिकामा होतो म्हणतात, ते साफ खोटं. शेव संपते, तळाला भुगा उरतो. आणि खरी मजा भुग्यातच असते, कारण सगळी मीठ-मिरची खाली बसलेली असते! किस्स्यांचं तसंच आहे मंडळी. नोकरी संपली, दात पडले, भुगा तेवढा राहिला. करा हात पुढे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत पर्वत पाटियाजवळ आमच्या जयंतीशेठचा फरसाणचा कारखाना होता, पुढच्या बाजूला दुकान. मी तेव्हा गोडादऱ्यात लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर. अमळनेरकडून पोट भरायला आलेला माणूस. सुट्टीच्या दिवशी कानातला खडखडाट थांबला की मी शेठच्या दुकानाच्या काउंटरवर जाऊन उभा राहायचो. "जरा गाठिया दाखवा... जरा तिखी पुरी... ती पापडी कुरकुरीत आहे का बघू..." असं करत करत पोट भरायचं, मग "घरी विचारून येतो" म्हणून सटकायचं.

एकदा शेठने हात धरला. "अल्या, तू दर आठवड्याला सगळं खातो, घेत काहीच नाही!"

मी म्हटलं, "शेठ, मालात दम असता तर घेतलं नसतं का?"

शेजारी मेहुलभाई उभा होता. अहमदाबादहून एम.बी.ए. करून नुकताच लागलेला, इस्त्रीच्या शर्टातला कोवळा पोरगा. तो ओरडलाच, "शेठ, हाच माणूस पाहिजे आपल्याला!"

असा मी मार्केट रिसर्चमध्ये आलो. शेठने विचारलं, "शिक्षण?"

"सातवी."

"पास?"

"सहावीपर्यंत पास!"

* * *

रिसर्च डिपार्टमेंट म्हणजे मी, मेहुलभाई आणि एक सायकल. काम एकच. डिंडोली-गोडादऱ्यात खानदेशी माणूस एवढा राहतो, पण शेठची शेव एकदा नेली की परत का नेत नाही, ते शोधायचं. शेठने पहिल्याच दिवशी सुनावलं, "दिवाळीपर्यंत शोधा. नाही तर मेहुल, तू तुझ्या बापाच्या साडीच्या दुकानात घड्या घाल. आणि हा परत लूमवर!"

साडीचं नाव काढलं की मेहुलभाईचा चेहरा पडायचा, आणि लूमचं नाव काढलं की माझा. तेव्हापासून आम्ही दोघं सख्खे भाऊ.

निघालो घरोघर शेव वाटत. डिंडोलीत पहिल्याच दारात म्हातारबा बसलेले. "या ना भाऊ, बठा!" शेव खाल्ली, मिशा पुसल्या. मेहुलभाईने विचारलं, "बाबा, कशी वाटली?"

"एक नंबर शे!"

पुढच्या घरी एक नंबर. त्याच्या पुढच्या घरी एक नंबर. आख्खी गल्ली एक नंबर! मेहुलभाई हवेत. मला शंका आली. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप करपलेल्या घाण्याची शेव पिशवीत भरली. काळीकुट्ट, वर खवट तेलाचा वास. तीसुद्धा एक नंबर!

परतताना मी त्या म्हातारबांना बाजूला घेतलं. "बाबा, खरं सांगा, कडू लागली ना?"

"जहर होती रे!"

"मग एक नंबर कसं म्हणालात?"

म्हातारबा रागावले. "लोकाचं फुकट खायाचं आन् वर नाव ठेवायचं? आमचं खानदान काय तसलं शे का?"

* * *

दुसरी आफत चहाची. दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय आमच्या लोकांत सोडत नाहीत. मी निर्लज्ज, "नुकताच झाला" म्हणायचो. मेहुलभाई संस्कारी, प्रत्येक घरी कप संपवायचा. दुपार झाली की सर्वे बाजूला राहायचा आणि तो मांड्या आवळून मला विचारायचा, "भाऊ, इथे संडास कुठे?"

चाळीचे संडास एका रांगेत. हातात फॉर्मचं पॅड, खिशाला पेन, आणि हा दर थोड्या वेळाने घाईघाईने तिकडे! दोन दिवसांत गल्लीत बातमी पसरली, "महापालिकेचा साहेब संडास तपासायला आलाय!"

मी कशाला खोटं पाडू? उलट म्हटलं, "साहेबांना सांगा काय ते, लिहून घेतात."

मेहुलभाई इमानदार. लोक जे बोलतील ते "सूचना" या रकान्यात लिहायचा. महिन्याअखेरीस शेठने चष्मा लावून रिपोर्ट मोठ्याने वाचला, "शेव एक नंबर. मात्र कडीकोयंडा बदलावा आणि नळाला पाणी सोडावं!"

* * *

आता शेठच्या शेजाऱ्याची ओळख करून देतो. भूपतभाई. कारखान्याच्या भिंतीला लागून त्यांचा बंगला. आमची कढई तापली की हे गच्चीत येऊन खोकायचे. साधं खोकणं नाही, दुपारची झोप मोडेल असं! आणि खोकून झालं की महापालिकेत तक्रार. शेठ खालून दात-ओठ खायचे, "बघ, बघ! खोकतोय नाटक्या! साध्या पापडीला कोणी खोकतो?"

शेठ तसे देवमाणूस. मुंग्यांना साखर घालायचे. पण भूपतभाईचं नाव निघालं की तीच साखर परत डब्यात.

* * *

दिवाळी जवळ येत चालली, आणि आमच्याकडे नुसते एक नंबर! मेहुलभाई रात्रंदिवस पुस्तकं चाळत होता. एके सकाळी उड्या मारत आला. "भाऊ, सापडलं! माणूस स्वतःबद्दल खोटं बोलतो, शेजाऱ्याबद्दल बोलत नाही. आता 'तुम्हाला आवडली का' विचारायचंच नाही. 'शेजारणीला आवडेल का' असं विचारायचं!"

पोराचं डोकं चाललं होतं, मानलं मी!

डिंडोलीत जिजाबाईंच्या घरी गेलो. जिजाबाई म्हणाल्या, "मला तं भारी आवडली. पण शेजारच्या सिंधूला नाही आवडायची. तिला गोड लागेल, मऊ लागेल."

लगेच शेजारी गेलो. सिंधूबाई म्हणाल्या, "मला चालते हो काहीही. पण जिजाबाईला? त्या तं म्हणतील, ही काय शेव शे का बालवाडीचा खाऊ?"

भिंत पत्र्याची. पलीकडून जिजाबाईंचा आवाज आला, "काय गं सिंधे, मी कवा असं म्हणली?"

"तुम्ही नाही, पण मनात तं म्हणली असाल!"

दोघी पदर खोचून गल्लीत. मेहुलभाई मधे पडायला निघाला, मी त्याची कॉलर धरली. "थांब! आता रिसर्च सुरू झालाय!"

"तुझा रस्सा म्हणजे चिखल! शेव टाकली का दिसतच नाही!"

"चिखल माझ्या हाताने नाही, त्या मेल्या शेवेनं होतो! तुमच्या पातेल्यात काय वेगळं होतं? परवा भाऊजी चमच्याने शेव शोधत होते!"

मेहुलभाईच्या हातातलं पेन गळालं. त्याच्या घरीसुद्धा शेव-टमेटाचं शाक होतं, पण गूळ घालून, आणि शेव वरून भुरभुरायची. इकडे काळ्या मसाल्याच्या उकळत्या रश्शात शेव पोहायला लागते! शेठची नाजूक, गोडसर शेव त्यात पडली की विरघळून जायची. लोक चहाबरोबर खातात असं समजून आम्ही पाव वर्ष "कुरकुरीत आहे का" विचारत हिंडत होतो!

* * *

मग जाड शेवेची ट्रायल. हाताच्या सोऱ्यावर, बोटाएवढी जाड, लसूण आणि लाल मिरची दाबून. पहिला घाणा तेलात पडला आणि कारखान्यात पळापळ. मी रडतोय, मेहुलभाई रडतोय, कारागीर कढई सोडून रस्त्यावर!

तेवढ्यात गच्चीतून खोकला. पण आज तो थांबेचना. शेठ डोळे पुसत अंगणात धावले, वर पाहिलं, आणि भरून आलेल्या आवाजात म्हणाले, "आज खरा खोकतोय!"

तरी मशिनसाठी जाड शेवेची जाळी मागवायला शेठ तयार होईनात. "एवढं तिखट माणसं खातात? मी स्वतः त्यांच्या घरी खाईन. आवडलं तर जाळी येईल. नाही तर तू साडीत, हा लूमवर. फायनल!"

शेठ म्हणजे डाळीत गूळ घालून वर साखर मागणारा माणूस. मेहुलभाईने तिथेच बसकण मारली. "भाऊ, संपलं आपलं."

मी म्हटलं, "फक्त एक कर. त्या दिवशी पॅड घेऊन ये."

* * *

जेवण जिजाबाईंकडे ठरवलं. आदल्या दिवशी जाऊन मी कानात सांगून आलो, "जिजाअक्का, शेठला तिखट लागतं बरं का. पण माणूस लाजरा. आग्रह केल्याशिवाय घेत नाही."

शेठ पाटावर बसले. समोर कळण्याची भाकरी, आणि वाटीत शेवभाजी, वर लाल तर्री तरंगतेय. दारात सिंधूबाई, त्यांच्या मागे गल्ली. सगळ्यांचे डोळे शेठच्या तोंडावर. शेठने घास घेतला. कान लाल झाले. मग टक्कल.

"तिखट तं नाही झालं ना शेठ?" जिजाबाईंनी विचारलं.

"ना, ना..." शेठने तांब्याकडे हात नेला.

"पाणी पिता? म्हणजे आवडली नाही!" जिजाबाईंचा चेहरा उतरला.

शेठने हात मागे घेतला. "बहु... बहु सरस!"

"मग घ्या अजून!" पळीभर पडली. शेठने तीही गिळली. डोळ्यांतून धारा. गल्ली कौतुकाने कुजबुजली, "शेठला घरची आठवण आली वाटतं."

जिजाबाईंनी परत पळी उचलली. तोच मेहुलभाई वाकून म्हणाला, "शेठ, मग जाळी मागवू का? का अजून थोडं चाखून ठरवता?"

शेठने दोन्ही हात वाटीवर आडवे धरले. "मागव! आजच मागव! मोठी मागव!"

मेहुलभाईने पॅडवर खूण केली. उठायला हवं होतं त्याने. पण शिकलेला माणूस, फॉर्म अर्धा सोडवेना!

"शेठ, शेवटचा प्रश्न. तुमच्या शेजाऱ्याला आवडेल का?"

शेठने धोतराच्या सोग्याने नाक पुसलं. बघता बघता त्या लालभडक चेहऱ्यावर लहान पोरासारखं हसू पसरलं.

"भूपतला? अल्या, त्याला रोज पाठव! आणि सांग, फुकट आहे!"