महालातल्या संचालिकाबाई

मे महिन्यात बंद गळ्याचा कोट घालून नागपूर स्टेशनावर उतरणारा माणूस एक तर नवरदेव असतो, नाहीतर संशोधक. मी संशोधक होतो. वय सत्तेचाळीस, पुण्यात वाणिज्याचा व्याख्याता, प्रबंधाचा विषय 'कंपन्यांच्या संचालक मंडळांतील स्त्रिया'. अशा स्त्रिया इतक्या दुर्मीळ की एकीसाठी इथवर भाजत आलो होतो.

कापसाच्या जिनिंग कंपनीचे मुख्य संचालक बाबासाहेब यांनी आधी तर्री (रश्श्यावरचा लाल तवंग) ओतलेले पोहे खिलवले. मी डोळे पुसत असताना त्यांनी सभांच्या इतिवृत्ताची वही उघडली. थोरले भाऊ वारल्यापासून त्यांच्या जागी वहिनी, सुमनताई. प्रत्येक सभेला 'उपस्थित'. मी आनंदाने खुणा करत गेलो. शेवटचं पान येत्या सोमवारचं होतं. आज शुक्रवार.

"ही सभा व्हायचीय ना?"

"लिहून ठेवलं का घाई होत नाही, साहेब. वहिनी घरूनच सही करते."

ठराव होता मजूर बायकांच्या मुलांचं पाळणाघर बंद करण्याचा. अनुमोदन, सुमनताई.

सायकलरिक्षाने महाल या जुन्या वस्तीत त्यांच्या घरी गेलो. सुमनताईंनी सांभारवडी (सांभार म्हणजे कोथिंबीर) पुढे केली. मी ठरावाचं बोललो, तसा त्यांचा हात थांबला.

"ते पाळणाघर मीच भांडून सुरू करायले लावलं. आन् मलेच नाही सांगतलं? रजिस्टर येते, सही घेते, जाते." मग म्हणाल्या, "भाऊ, सोमवारी तुमी संग चला न. पाव्हण्यासमोर मले कोणी घरी जा नाही म्हणणार."

"सोमवारी पुण्यात माझं निबंधवाचन आहे."

"कायच्यावर?"

"संचालक मंडळांतल्या स्त्रियांवर."

त्या हसल्या. "मंग तर तुमाले जावंच लागन."

गेलो. गाडीत संत्रा बर्फी खात स्वतःची समजूत घातली की संशोधकाने तटस्थ राहावं. सोमवारी व्यासपीठावरून सांगितलं, नागपूरच्या संचालिका सभांना नियमित हजर असतात. टाळ्या पडल्या. खोटं आहे हे सभागृहात फक्त मला ठाऊक होतं, आणि टाळ्या मला गोडही लागल्या.

आठवड्याने पोस्टकार्ड आलं. 'एकटीच गेली होती. खुर्ची नव्हती, स्टूल ओढून बसली. ठराव झालाच. पण तयार पान फाडून नवं लिहा लागलं त्यायले. विरोध एक.'

मी लगबगीने प्रबंधाचा तक्ता उघडला, निदान एवढं तरी खरं नोंदवावं म्हणून. नाव, वय, नातं, हजेरी, अनुमोदन. विरोधासाठी मी रकानाच आखला नव्हता.